पिंजाऱ्याची मॅट्रिक

सर्व्हिस मोटार मिरजगावच्या वेशीपाशी थांबली न थांबली तोच क्लीनर भिमाजीनं टपावरूनच हाळी दिली.

"लालूभाई, ओ लालूभाई! पोरीचा सांगावा हाय!"

लालमहंमद पिंजारी वेशीजवळच्या लिंबाखाली चिलीम ओढत बसला होता. पौषातली सकाळ. ऐन थंडीत पिंजाऱ्याला चिलीम ओढायला फुरसत मिळावी हे काही बरं लक्षण नव्हतं. पण लढाई संपली तरी कापड अजून रेशनवरच होतं. अंगावर घालायलाच मिळेना, तिथं गादी-रजईला खोळ कुठून आणायची? लोक जुन्या गोधडीवर जुनी गोधडी घालून थंडी काढत होते आणि लालमहंमदची पिंजण दिवाळीपासून घरात आढ्याला टांगलेली होती.

तो चिलीम विझवून मोटारीपाशी गेला. भिमाजी पोती खाली ढकलता ढकलता बोलत होता.

"मॅट्रिकची फी भरायचीय म्हनली. संक्रांतीनंतरच्या सोमवारपोत. न्हाई भरली तर परीक्षेला बसू देत न्हाईत."

"आन नूरभाई?"

"त्येंच्या टांग्याचं घोडं लंगडं झालंय. टांगा दारात हुबा हाय. त्ये काय भरत्यात आता!"

लालमहंमद घरी आला तेव्हा हाजराबी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. त्यानं उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. आकडा सांगताना मात्र आवाज खाली आणला. हाजराबीनं हातातली भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग विचारलं, "सगळं येकदमच भरायचं?"

"येकदमच."

मेहताब त्यांची धाकटी. थोरल्या दोघींची लग्नं झालेली. लालमहंमदची बहीण सकीना नगरला झेंडीगेटात राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. मेहताब गावच्या शाळेत चौथी झाली तेव्हा सकीना म्हणाली, पोरगी दोन वर्षं माझ्याकडं राहू दे, शिकू दे. दोनाची चार झाली, चाराची सात झाली. दर वर्षी फी सकीनाचा नवरा नूरमहंमद भरायचा आणि वर म्हणायचा, टांग्यात बसणाऱ्या साहेबांच्या पोरींपेक्षा आमची पोर हुशार आहे. आईबापाला आजवर फारसं काही द्यावं लागलं नव्हतं. आणि आता ऐन शेवटाला घोडं लंगडं झालं.

"शेळी इकू," लालमहंमद म्हणाला.

"गाभन हाय ती."

"मंग तर चांगला भाव यील."

"व्हय, यील की. आन मंग च्याला दूध कोन देनार, मॅट्रिक?"

लालमहंमद हसला. हाजराबी हसली नाही. भाकरी उलटून ती म्हणाली, "हितं बसून कोन काम आनून देनार हाय? नगरच्या वाटंनं चालत जाऊ. गाव लागंल तिथं पिंजू. लग्नसराई जवळ आलीय, येखांदं तरी घर घावंल. पैसं झालं तर पोरीच्या हातात नेऊन ठिवू."

"आन न्हाई झालं तर?"

"तर पोरीला बघून तरी यिऊ. दसऱ्यापून न्हाई बघितली."

शेळी शेजारणीच्या दावणीला बांधून दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं निघाली. लालमहंमदच्या खांद्यावर पिंजण. पुरुषभर लांबीचा तो लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात, आणि कमरेला तातीवर मारायची लाकडी मोगरी. हाजराबीच्या डोक्यावर गाठोडं, त्यात दाभण, दोऱ्याची गुंडी, काठ्या आणि भाकरी. तोंडातून वाफा निघत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू कमरेच्या वर गेला होता आणि कणसांत दूध भरलं होतं.

घोगरगावात लालमहंमदनं वेशीतूनच तात छेडली. ट्यँव ट्यँव असा आवाज गल्लीबोळांतून फिरला. चार पोरं आणि एक कुत्रं एवढीच बाहेर आली. शेवटी आसाराम नावाच्या एका शेतकऱ्यानं बापाच्या दोन उश्या आणून टाकल्या. त्या दगडासारख्या झाल्या होत्या. लालमहंमदनं ओसरीच्या तुळईला पिंजण टांगली, तोंडाला फडकं बांधलं आणि मोगरी हाणायला सुरुवात केली. हात चालायला लागला की त्याची जीभही चालायची.

"पोरगी मॅट्रिकला हाय आमची. नगरला."

"पोरगी?" आसारामनं विचारलं.

"पोरगीच तर. इंग्रजी फाडफाड बोलती."

"मंग तिला नवरा कसला बघनार? इंग्रज तर निघालंत परत जायाला!"

ओसरीवरचे सगळे हसले. लालमहंमदही हसला आणि फडक्याआडून म्हणाला, "त्येंना म्हनावं, थांबा जरा, मॅट्रिक हुस्तवर."

आसारामनं उश्यांचे पैसे दिले नाहीत, जोंधळे दिले. वर शेतात नेऊन हुरडा खायला घातला. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं हातावर चोळून, फुंकून, गरम गरम दाणे तोंडात टाकताना लालमहंमदला फीची आठवणही राहिली नाही. हाजराबीला राहिली. गावाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तुमी पोरीचं कवतिक पैसं घेतल्यावर सांगत जा. आदी सांगितलं की लोकांस्नी वाटतं, ह्येंचं बरं चाललंय."

त्यानं मान डोलावली आणि पुढच्याच वाडीत पुन्हा तेच केलं.

रुईछत्तिशीत मात्र घर घावलं. काकासाहेबांच्या थोरल्या मुलाचं लग्न माघात धरलं होतं. मोठी बागाईत, मोठा बारदाना. सोलापूरच्या मिलमधून कोणाच्या तरी ओळखीनं गाद्यांचं कापड आलं होतं आणि माडीवर कापसाची गंजी लागली होती. पिंजाऱ्याला बोलवायला माणूस पाठवायचा की नाही याची घरात चर्चा चालू असतानाच तातीचा आवाज आला. काकासाहेब स्वतः दारात आले.

"किती दिसांत व्हतील सगळ्या गाद्या?"

"रइवारपोत करतो, मालक. सोमवारी मला नगर गाठायचं हाय," लालमहंमद म्हणाला. पुढचं बोलणार होता, पण हाजराबीनं गाठोडं खाली ठेवताना त्याच्या पायावर ठेवलं.

काम सुरू झालं. सकाळी अंगणात दव असायचं, तोवर हाजराबी पडवीत कापसाचे गठ्ठे काठ्यांनी झोडायची. सरकीचे तुकडे, पाचोळा, माती खाली पडायची. मग लालमहंमद तातीखाली कापूस धरायचा आणि मोगरीचा ठोका द्यायचा. तात थरथरली की कापूस उडायचा, फुलायचा, पुन्हा खाली यायचा. दुपारपर्यंत तो कापसाच्या ढिगात गुडघ्यापर्यंत बुडालेला असायचा. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. उभा जन्म एकाच हातानं मोगरी हाणून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आला होता. हाजराबी खोळीत कापूस भरून हातानं सारखा करायची आणि दाभणानं टाके घालायची. थंडीनं तिच्या अंगठ्याला चिरा पडल्या होत्या. दोरा ओढला की चिरेत जायचा. ती अंगठा तोंडात धरायची आणि पुढचा टाका घालायची.

काकासाहेबांची आई आक्काबाई दिवसभर जोत्यावर बसून हे बघायची. म्हातारीची नजर तिखट. सकाळी कापूस वजन करून द्यायची, संध्याकाळी पिंजलेला परत वजन करून घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तराजूकडं बघून ती म्हणाली, "कमी भरतोय."

"आक्का, कचरा निघतो की त्यातनं. सरकी, माती," लालमहंमद म्हणाला.

"कचरा दिसतोय मला. त्येवढाच न्हाई." मग ती हाजराबीकडं वळली. "लुगडं झटक गं तुजं."

दारात आक्काबाईच्या सुना उभ्या होत्या, पाण्याचा हंडा घेऊन गडी उभा होता. लालमहंमदनं मोगरी खाली ठेवली.

"हाजरा, उचल गाठुडं. जाऊ आपुन."

हाजराबी त्याच्याकडं न बघता हळू म्हणाली, "बसा. सोमवार थांबत न्हाई आपल्यासाटी."

ती उठली. पदर सोडला, झटकला. मग ओचा सोडून झटकला. कापसाचं तूस उडालं, आणि त्याबरोबर जमिनीवर टपटप तिळगुळाचे लाडू पडले. गोल गरगरीत, पाच-सहा. एक घरंगळत थेट आक्काबाईच्या पायाशी गेला.

"आन ह्ये कुठनं आलं?" आक्काबाईचा आवाज चढला.

"म्या दिलं!" सुनांच्या मागून काकासाहेबांची धाकटी लेक पुढं आली. सहा-सात वर्षांची असेल. "आज्जी, तूच म्हनलीस, सगळ्यांना द्यायचं आन ग्वाड बोला म्हनायचं. म्या म्हनलं त्यांना. तू म्हनली न्हाईस."

एका सुनेनं पदर तोंडात कोंबला. गड्यानं हंडा उचलला आणि परसात जाऊन हसला. आक्काबाई तराजू उचलून आत गेली. हाजराबीनं एकेक लाडू वेचला, फुंकून पुसला आणि त्यातला एक त्या पोरीच्या हातावर ठेवला. मग ती खाली बसून पुन्हा टाके घालू लागली, पण बराच वेळ तिला दाभणाचं टोक नीट दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिली गादी तयार झाली. दुपारी जेवणं झाल्यावर आक्काबाई आली आणि म्हणाली, "बघू दे कशी केलीय ती. लग्नात पाव्हन्यांनी नावं ठिवाया नकोत." गादी पडवीत पसरली. म्हातारी आधी बसली, मग हातानं दाबून बघितलं, मग एका कुशीवर आडवी झाली. आणि झोपली. घोरायला लागली. ऊन पडवीतून सरकून अंगणात गेलं तरी उठेना. घरातल्या बायका भांडी न वाजवता कामं करू लागल्या. काकासाहेब बाहेरून ओरडत आले, तर बायकोनं त्यांना बोटानं गप्प केलं. लालमहंमदला पिंजता येईना, तात वाजली तर म्हातारी जागी होणार. तो मोगरी मांडीवर घेऊन गुपचूप बसून राहिला.

दिवस कलताना आक्काबाई उठली. डोळे चोळले, इकडं-तिकडं बघितलं.

"बसलाय काय आसं? काम करा की!" ती लालमहंमदवर ओरडली. मग जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लई वर्सांनी पाठ टेकली बया."

त्यानंतर तराजू काही बाहेर आला नाही. रविवारी सकाळी शेवटच्या गादीचा शेवटचा टाका पडला. काकासाहेबांनी ठरलेले पैसे मोजून दिले, शिवाय दोघांना जेवायला बसवलं. ती निघताना आक्काबाई एक बोचकं घेऊन आली आणि हाजराबीच्या गाठोड्यावर टाकलं.

"माज्या लग्नातल्या रजयांच्या खोळी हायत. मलमलीच्या. पेटीत पडून हायत, चिंध्या झाल्यात निस्त्या. घे तुला कशाला तरी."

चिंध्या काही झाल्या नव्हत्या. हाजराबीनं वाटेत सोडून बघितलं. कडा विरल्या होत्या, मधलं कापड अजून दुधासारखं होतं.

नगर गाठायला दिवस मावळला. झेंडीगेटातल्या सकीनाच्या दारात टांगा उभा होता, त्याच्या दांड्या आभाळाकडं. नूरमहंमद घोड्याच्या पायाला शेक देत बसला होता. आतून मेहताब धावत आली. उंच, सडपातळ, बोटांना शाई. तिनं आधी आईच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि मग बापाच्या मिशीतलं तूस काढायला लागली.

"अब्बा, तुम्ही चालत आलात?"

"चालत कुटं? काम करत करत आलो. वाट कवा सरली कळलं बी न्हाई." त्यानं कमरेचा पैशांचा कसा सोडून तिच्या हातात ठेवला. मेहताबनं मूठ मिटली आणि ती चुलीपाशी जाऊन चहाला आधण ठेवायला लागली. सकीना भावजयीला म्हणाली, "रडतीय बग. परीक्षेचं काय न्हाई तिला. तुमी याल का न्हाई ह्याचीच काळजी."

सोमवारी तिघं शाळेत गेली. मुलींची शाळा, दगडी इमारत, आवारात मोठं चिंचेचं झाड. फी भरली. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी पावती दिली आणि चष्म्यावरून हाजराबीकडं बघितलं.

"एक विचारू का? निरोप समारंभाला मॅट्रिकच्या सगळ्या मुली फोटोत बसणार आहेत. हिनं एकटीनंच नाव दिलं नाही. घरातून मनाई आहे का?"

हाजराबीनं मेहताबकडं बघितलं. मेहताबनं चिंचेच्या झाडाकडं.

बाहेर आल्यावर मेहताब घाईघाईनं बोलायला लागली. "अम्मा, त्याची वर्गणी वेगळी आहे. शिवाय सगळ्यांनी पांढरं पातळ नेसायचं ठरलंय. कापड कुठं मिळतंय? फोटो नाही काढला म्हणून कुणी नापास होत नाही."

लालमहंमद चालता चालता थांबला.

"आपल्या घरात कुनाचा फोटू हाय?"

"कुणाचाच नाही."

"माजा बाप मेला तवा मी तुज्यापेक्षा लहान हुतो. आता त्येचं तोंड आठवाया गेलं तर पागोटं आठवतं. तोंड याद येत न्हाई." त्यानं मेहताबच्या बोटांवरच्या शाईकडं बघितलं. "घरातलं पयलं मानूस मॅट्रिकला बसतंय, आन त्येचा फोटू न्हाई?"

"अब्बा, पण वर्गणी..."

हाजराबीचं दोघांकडं लक्ष नव्हतं. शाळेच्या मागं मुलींचं बोर्डिंग होतं. त्याच्या भिंतीवर गाद्या उन्हात घातल्या होत्या. एकेका गादीत गाठी अशा आल्या होत्या की जणू आत रताळी भरली आहेत. ती आली तशी मागं फिरली आणि थेट मोठ्या बाईंच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, बोर्डिंगातल्या पोरी असल्या गाद्यांवर निजत्यात?"

मोठ्या बाई गोंधळल्या. "पिंजारी मिळत नाही, काय करणार?"

"मिळाला," हाजराबी म्हणाली. "पैसं नकोत. मेहताबची फोटूची वर्गनी भरली असं समजा."

लालमहंमदनं सकीनाच्या घरून पिंजण आणून चिंचेच्या आडव्या फांदीला टांगली. शाळा भरलेली होती. वर्गात कोणीतरी कविता म्हणत होतं, आणि खाली तात वाजायला लागली. ट्यँव ट्यँव. खिडक्यांत एकेक करून वेण्या दिसू लागल्या. सुटीची घंटा झाली तशी पोरींचा घोळका झाडाभोवती जमला. कोणी नाक धरलं, कोणी खिदळलं. लालमहंमदच्या डोक्यावर, भुवयांवर, उघड्या दंडांवर कापूस बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पोरीच्या शाळेत पोरीला ओळख दाखवावी की नाही, हे त्याला कळेना. हाजराबीही खाली मान घालून काठ्या चालवत होती.

एका मुलीनं विचारलं, "मेहताब, हे तुझ्या ओळखीचे आहेत का गं? मघाशी तुझ्याबरोबर दिसले."

मेहताब घोळक्यात मागं उभी होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती पुढं आली, पदर खोचला आणि आईच्या हातातली एक काठी घेतली.

"माझे अब्बा आहेत. आणि ही गाठीगाठींची गादी तुझी आहे. रात्री झोप लागत नाही म्हणून रोज कुरकुरत असतेस ना? बाजूला हो, तूस नाकात जाईल."

तिनं काठी हाणली. गावाकडं लहानपणी शिकलेला हात विसरला नव्हता. दोन-चार ठोके झाल्यावर दुसरी एक मुलगी म्हणाली, "मला बघू दे." मग तिसरी. घंटा झाली तेव्हा पाच-सहा जणींचे केस म्हाताऱ्यांसारखे पांढरे झाले होते. एकीनं पिंजण वाजवून बघायचा हट्ट धरला आणि तातीचा तडाखा बोटांवर बसल्यावर नाचायला लागली. मोठ्या बाई व्हरांड्यातून ओरडल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. लालमहंमदनं आता मान वर केली होती आणि त्याची जीभ सुटली होती.

"आसं न्हाई बाय, मनगाट ढिलं सोड. मेहताब, दाव तिला!"

वर्गणीचं भागलं. राहिलं पातळ. बोर्डिंगच्या गाद्या झाल्यावर हाजराबीनं सकीनाच्या ओट्यावर उन्हात आक्काबाईच्या खोळी उसवल्या. विरलेल्या कडा कापून टाकल्या. चांगलं कापड काढून तुकड्याला तुकडा जोडायला बसली. गादीचा टाका आणि मलमलीचा टाका यांत फार फरक. दाभण ठेवून तिनं सकीनाची बारीक सुई घेतली, चिरलेल्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली. दोन दिवस नणंद-भावजय समोरासमोर बसून शिवत होत्या. सकीनानं आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ उसवून दिला. "नेसनार न्हाईस आता तू ते?" हाजराबीनं विचारलं. "नेसंन की. बिनकाठाचं नेसंन. मला कोन बघायला येनार हाय? ह्यांना घोड्यातनं टैम मिळंल तवा ना!" घोड्यापाशी बसलेला नूरमहंमद म्हणाला, "ऐकतोय मी."

मेहताब पातळ नेसून उभी राहिली. मधून एक उभी शिवण गेली होती. बोट फिरवलं तरच लागायची.

निरोप समारंभाच्या दिवशी लालमहंमद आणि हाजराबी फाटकाबाहेर उभी राहिली. आत चिंचेखाली बाकांवर पांढऱ्या पातळातल्या मुली ओळीनं बसल्या होत्या. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून ओरडला, "कुणीही हलू नका, श्वास रोखा!" मुलींनी श्वास रोखला. फाटकाबाहेर लालमहंमदनंही रोखला. फोटोवाल्यानं कापडातून डोकं काढलं तरी हा गाल फुगवून तसाच. हाजराबीनं पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठं त्यानं हवा सोडली.

"झाला?" तो फाटकातून ओरडला. "आता द्या की मंग! बघू कसा आलाय!"

मेहताबनं येऊन हळूच सांगितलं की फोटोची प्रत हवी असेल तर त्याचे पैसे निराळे.

"बसायचं येगळं आन बघायचं येगळं?" हाजराबी म्हणाली. पण बोलता बोलताच तिची नजर रस्त्यापलीकडं गेली. फोटोवाल्याच्या सामानाच्या टांग्यात बसायची उशी फाटून तिचा कापूस लोंबत होता. लालमहंमदनंही ते बघितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मेहताब कपाळावर हात मारून म्हणाली, "अब्बा, नको!" तोवर तो टांग्यापाशी पोचला होता.

ती मिरजगावला परतली तेव्हा लालमहंमदच्या बगलेत पुठ्ठ्याला चिकटवलेला फोटो होता. वाटेत भेटेल त्याला तो दाखवायचा. मधल्या ओळीत, डावीकडून तिसरी.

मार्चात परीक्षा झाली. नूरमहंमदचं घोडं तोवर चालायला लागलं होतं. पेपराच्या दिवसांत त्यानं गिऱ्हाइकं सोडून मेहताबला टांग्यातून नेलं-आणलं. मग उन्हाळा आला, शेळी व्याली, दोन करडं झाली. मेहताब गावी आली. आणि जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मोटार वेशीत शिरली ती भोंगा वाजवतच. भिमाजी टपावर उभा होता आणि हातातला कागद पागोट्यासारखा फिरवत होता.

"नंबर हाय! लालूभाई, पेपरात नंबर हाय! म्या नगरला सोत्ता बघितला, मास्तरकडनं वाचून घेतला!"

सारी वेस गोळा झाली. मेहताबनं पेपर घेतला, बोट फिरवलं, थांबली. मग तिनं बोट तसंच दाबून धरलं आणि आईकडं बघून मान हलवली. हाजराबीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. लालमहंमद भिमाजीला मिठी मारायला गेला, पण भिमाजी टपावर होता, म्हणून त्यानं ड्रायव्हरला मारली.

"पेढे! पेढे!" पोरांनी गिल्ला केला.

साखर कार्डावर. पेढे कुठले? हाजराबीनं घरातून भाजलेल्या शेंगा आणि गुळाची ढेप आणली, ढेप उंबऱ्यावर फोडली आणि येईल त्याच्या ओंजळीत शेंगा आणि वर गुळाचा खडा दिला. ड्रायव्हरनं दोनदा घेतलं. मोटार त्या दिवशी उशिरा सुटली आणि उतारूंनीही कुरकुर केली नाही, कारण त्यांचीही तोंडं गुळानं भरली होती.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मेहताब आईजवळ येऊन बसली.

"अम्मा, लोकल बोर्डाच्या शाळेत मुलींसाठी बाई हव्यात म्हणे. इथं, आपल्या गावातच. मी अर्ज करणार आहे."

"कर की."

"त्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं." तिनं आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते मागवायचं तर पैसे भरावे लागतात."

हाजराबी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की तिला भिंत धरावी लागली. "अवो, ऐकलंत का? पास व्हायाचं येगळं आन पास झाली म्हनून सांगायाचं येगळं!" लालमहंमद आतून काय झालं, काय झालं करत आला आणि ऐकून तोही हसत खाली बसला. शेवटी डोळे पुसून त्यानं आढ्याची पिंजण खाली काढली.

पाऊस यायच्या आत चार कामं उरकली पाहिजेत म्हणून दुसऱ्या दिवशी तिघं शेजारच्या वस्तीवर गेली. छबूबाई नावाच्या बाईनं एक रजई काढून दिली. तिच्या पडवीत लालमहंमद पिंजायला लागला, हाजराबी कापूस भरायला आणि मेहताब टाके घालायला. तिचे केस पांढरे झाले होते, नाकावर तूस बसलं होतं. छबूबाई दारात तांदूळ निवडत होती.

"ही कोन गं संगं?"

"धाकली लेक माजी. मॅट्रिक पास झाली."

छबूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि मेहताबला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आन मंग रजया कशापायी शिवती?"

"सर्टिफिकेट आणायचंय, मावशी," मेहताब टाका ओढत म्हणाली.

"म्हंजी पास व्हायाची हाय अजून?"

"झाले की. पण झाले असं ते लिहून देतात, त्याचे पैसे पडतात."

छबूबाईनं थोडा वेळ विचार केला. मग ती उठली, घरात गेली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून एक जुनी, जाडजूड गादी ओढत बाहेर आली. ती तिनं मेहताबपुढं धप्पकन टाकली.

"मंग ही बी कर. येका रजईत काय लिहून देत्यात त्ये!"